पाचवा तास

"आत्याबाई, दोन-दोन फडकी शिवून द्याल का? हातशिलाईची पाहिजेत. शाळेनं मागितलीत."

सुनेनं, नीलिमानं, माझ्यापुढं एक जुना पांढरा टॉवेल ठेवला आणि ती तांदूळ धुवायला वळली.

"केवढी?"

"वीतभर रुंद, दीड वीत लांब. सानूची दोन, शार्दूलची दोन."

"आणि कशाला लागतात?"

"शाळेत लागतात."

एवढं बोलून तिनं नळ सोडला. नीलिमाला काही सांगायचं नसलं की ती नळ सोडते, हे मला चौदा वर्षांत कळायला पाहिजे होतं. पण त्या दिवशी मी मनाशी धरून चालले की डब्याखाली अंथरायला लागत असतील. जपानातली बाकीची पोरं शाळेतलं जेवायची, आमची दोघं तेवढी घरचा डबा न्यायची. तेव्हा असेल काहीतरी पद्धत.

टॉवेलाकडं बघून माझा जीव खालीवर झाला. कडा उसवलेल्या, मधोमध हळदीचा डाग. माझी नातवंडं परक्या देशात असल्या चिंधीवर डबा मांडणार? कागलात गिरणीवाल्या भागीरथीची, म्हणजे माझी, गोधडी रुखवतात मांडायला मागून न्यायचे लोक. मी घरात नेसायला आणलेलं जुनं लुगडं काढलं, त्याचा काठ फाडून चारी बाजूंनी लावला आणि दाट टाके घालत बसले. शार्दूलच्या फडक्यांवर साधी चौकट घातली. तो अकरा वर्षांचा, त्याला नक्षीची लाज वाटायची. सानू आठ वर्षांची. तिच्या एका फडक्यावर मी मोर काढला. निळा-हिरवा, पिसारा फुलवलेला. चार दिवस डोळे फोडले.

नीलिमानं मोर बघितला आणि कपाळाला हात लावला. "आत्याबाई, एवढं कशाला केलंत? साधं चाललं असतं."

"साधं तुझ्या कंपनीत चालत असेल," मी म्हटलं.

सतरा वर्षं झाली याला. तेव्हा मी अठ्ठावन्नची होते, आणि जपानात मी हौसेनं गेले नव्हते. भांडायला गेले होते.

बदली झाली ती नीलिमाची. कागलच्या एमआयडीसीत गाड्यांचे भाग तयार करायच्या कारखान्यात ती इंजिनियर होती. मालक कंपनी जपानची. त्यांनी तिला तीन वर्षं तिकडं बोलावलं, वर्षभर भाषाही शिकवली. नवऱ्याच्या बदलीमागं बायको ट्रंका उचलून जाते, हे मी जन्मभर बघितलं होतं. बायकोच्या बदलीमागं नवरा निघाला, हे कागलच्या बाजारपेठेत पहिल्यांदा आमच्याच उंबऱ्यातून व्हायचं होतं. माझा चंद्रकांत आयटीआयमध्ये शिकवायचा. गडी बिनपगारी रजा टाकून मोकळा झाला.

"चंदू, तिथं तू काय करणार?" मी विचारलं.

"घर बघीन. स्वैपाक करीन."

"येतो तुला?"

"शिकीन की."

"चाळीस वर्षं माझ्या चुलीपुढं बसून जेवलास, तेव्हा शिकावंसं वाटलं नाही होय रे?"

तो हसला. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. तो माझा मुलगा होता, पण भांडणात त्यानं माझं काही घेतलं नव्हतं. मी नीलिमाकडं वळले.

"तुम्ही दोघं जा. पोरं माझ्याजवळ राहतील."

"पोरं आमच्याबरोबर येतील, आत्याबाई."

"तिथली भाषा कळंना, खाणं गिळंना. माझी सानू मुकी होऊन जाईल तिथं."

"शिकेल ती."

"तू काय माझ्या नातवंडांवर प्रयोग करतेस?"

"माझी पण मुलं आहेत ती, आत्याबाई."

कोण मागं सरणार? मी नवऱ्याच्या माघारी सव्वीस वर्षं गिरणी चालवलेली, भल्याभल्या वाण्यांना तोंडानं दळून काढलेलं. आणि तीही मऊ बोलून जागची हलायची नाही, म्हशीसारखी. शेवटी आमचा करार झाला. मीही तीन महिने बरोबर जायचं. कागलची शाळा जूनमध्ये उघडते, त्याआधी मी परत निघणार. निघताना पोरांना समोर बसवून विचारायचं. जे म्हणेल "आज्जीबरोबर जातो," त्याला अडवायचं नाही.

"आणि दोघंही राहतो म्हणाली तर?" नीलिमानं विचारलं.

"तर मी ह्या विषयावर पुन्हा तोंड उघडणार नाही."

"तोंड उघडणार नाही? तू?" चंदू म्हणाला. आम्ही दोघींनी त्याच्याकडं एकदमच बघितलं. तो उठून कुलूप-किल्ल्या शोधायला गेला.

निघायच्या आधी मी गुपचूप कागलच्या शाळेत जाऊन सानूची जागा धरून ठेवायला सांगून आले. असली भांडणं मी अर्धी तयारी करून लढत नाही.

नागोयाच्या पुढं दीड तासावर ते लहानसं शहर होतं. रस्ते असे, की सांडलेलं दूध उचलून प्यावं. माणसं दिसेल त्याला वाकायची. मी वाकत नव्हते, मी हात जोडायचे. त्यांची पद्धत त्यांच्यापाशी, माझी माझ्यापाशी. शार्दूल आठ दिवसांत रमला. त्याला चेंडू आणि चार पोरं मिळाली की तो तुरुंगातसुद्धा रमेल. पण सानू रोज सकाळी दप्तर पाठीला लावलं की रडायची. माझ्या लुगड्याचा पदर मुठीत धरायची.

"आज्जी, मला कागलला ने."

तिची आई तिची मूठ एकेक बोट करून सोडवायची. चंदू पाठ फिरवून डबा भरायचा. आणि मी? आता खोटं कशाला सांगू, मला बरं वाटायचं. नात रडतेय याचं नाही, पण सूनबाईचं गणित चुकतंय याचं. आगीत थोडं तेलही ओतायचे मी. "आता आपल्या दारच्या आंब्याला कैऱ्या लागल्या असतील बघ," असं सहज बोलायचे. पोर आणखी गळा काढायची. शाळेतून आली की मी विचारायचे, काय केलं? ती म्हणायची, "काही नाही." मी आणखी खूश.

मे महिन्यातला तो दिवस. सानूनं सकाळी पोट धरलं. "दुखतंय," म्हणाली. नीलिमानं तिचं पोट चाचपलं, ताप बघितला आणि तिला शाळेत धाडलंच. मी दुपारपर्यंत घरात येरझाऱ्या घातल्या. चंदू त्याच्या भाषेच्या वर्गाला गेला होता. एक वाजता मला राहवेना. ओवा भाजला, कुटला, सैंधव घातलं, पुडी कनवटीला लावली आणि निघाले. शाळेचा रस्ता दहा मिनिटांचा. रोज तीन वाजता मी पोरांना आणायला कोपऱ्यापर्यंत जायचे, पण आत कधी गेले नव्हते.

शाळेच्या दारात पोहोचले तर आतून कसलंसं गाणं लागलेलं. मोठ्या काचेतून लांबच लांब व्हरांडा दिसत होता. आणि त्या व्हरांड्यात माझी सानू, डोक्याला फडकं बांधून, गुडघ्यावर बसून, फरशी पुसत होती.

माझ्या मोरानं.

माझ्या डोळ्यांपुढं काय झालं ते मला सांगता येणार नाही. मी दार ढकललं आणि तशीच आत घुसले, चपलांसकट. माझ्या नातीला दंडाला धरून उभी केली.

"ऊठ! ऊठ म्हणते! कुणी बसवलं तुला हितं?"

"आज्जी!"

"परक्या मुलखातली पोर दिसली म्हणून तिला फरशी पुसायला लावता होय? बाकीच्यांच्या हाताला काय मेंदी लावलीय?"

बाकीची पोरं माझ्याकडं बघत होती. त्यांच्याही हातात फडकी होती, पण ती मला त्या वेळी दिसली असती तर मी भागीरथी कसली. वर्गाच्या बाई धावत आल्या. पोरसवदा, चिमणीएवढी बाई. आडनाव मोरी. आता नावाला कोण काय करणार. ती वाकते, मी बोलते, ती पुन्हा वाकते. माझी मराठी तिला कळेना, तिचं वाकणं मला कळेना.

तेवढ्यात मला हात धुवायच्या नळांपाशी एक माणूस दिसला. माझ्याच वयाचा. डोक्याला टॉवेल, हातात रबरी मोजे, बेसिन घासत बसलेला. म्हटलं, सापडला! हाच शाळेचा शिपाई. स्वतःचं काम पोरांवर टाकतोय.

"अरे ए बाबा! पगार तू खातोस आणि फरशी माझी नात पुसते? लाज वाटत नाही? माझ्या गिरणीत असतास तर दुसऱ्या दिवशी घालवला असता!"

तो उभा राहिला. मोजे काढले. कमरेत पार खाली वाकला. मला वाटलं, चूक कबूल करतोय. मग त्यानं माझ्या पायांकडं बघितलं, माझ्या पायांमागं बघितलं. दारापासून इथवर ओल्या फरशीवर माझ्या चपलांचे धुळीचे ठसे उमटले होते, एकामागं एक, शिक्के मारल्यासारखे. त्यानं फडकं घेतलं, गुडघ्यावर बसला आणि माझं एकेक पाऊल पुसत दाराकडं सरकत गेला.

"हां," मी म्हटलं, "आता कसा कामाला लागला बघ."

"आज्जी," सानू ओरडली, "ते हेडमास्तर आहेत!"

साफसफाईच्या वेळचं ते गाणं लागलेलंच होतं.  मी दाराकडं बघितलं. हेडमास्तर माझ्या सातव्या का आठव्या पावलावर होते.

"हेडमास्तर बेसिन घासतात?" मी हळूच विचारलं.

"रोज घासतात. इथं शिपाईच नाही साफसफाईला. सगळे करतात. शार्दूल वरच्या मजल्यावर संडास घासतो."

"कोण? आपला शार्दूल?"

घरात पाण्याचा तांब्या स्वतःच्या हातानं न घेणारं ते कार्टं! मला एकदम हसू यायला लागलं, पण ती हसायची वेळ नव्हती. सानूच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते रोज सकाळचं पाणी नव्हतं. रागाचं होतं. माझ्याच रागासारखा राग, नाक तसंच फुगलेलं.

"तू सगळं बिघडवलंस! आमची शर्यत चालली होती. फडक्यावर हात टेकून पळायचं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी पहिली येणार होते."

"तुझं पोट दुखत होतं ना गं?"

"ते सकाळी दुखतं. आत्ता नाही दुखत."

"घरी कधी सांगितलं नाहीस हे?"

"आईनं सांगितलेलं, आज्जीला सांगू नका, ती दुसऱ्या दिवशी आपल्याला विमानात बसवेल." तिनं नाक पुसलं. "वर्गात मला काही कळत नाही, आज्जी. बाई बोलतात, सगळी हसतात, मला कळत नाही कशाला हसली. इथं काही बोलायलाच लागत नाही. आणि इथं मी सगळ्यांच्या पुढं असते. तुझ्यासारखं उकिडवं बसायला ह्यांना कुणाला येत नाही."

तिच्याशेजारी एक गोल चेहऱ्याची मुलगी उभी होती, हारुका नावाची. तिनं मोराचं फडकं उचलून, झटकून, घडी करून सानूच्या हातात ठेवलं. असं ठेवलं, जशी पूजेची वस्तू.

मी चपला काढल्या. हातात घेतल्या, दारापर्यंत चालत गेले, रॅकमध्ये ठेवल्या. हेडमास्तर शेवटचा ठसा पुसत होते. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं बघितलं. माफी मागायची मला सवय नाही, आणि त्यांच्या भाषेत तर मुळीच येत नव्हती. मी परत आले.

"कुठून कुठवर?" मी सानूला विचारलं.

"काय?"

"शर्यत गं. कुठून कुठवर असते?"

सानूनं माझ्याकडं बघितलं. मग तिचं तोंड हळूहळू उघडायला लागलं. "आज्जी, तू?"

"का? नऊवारी कशाला असते? वाकायला, चढायला, पळायलाच असते. दे एक फडकं."

मी कासोटा घट्ट खोचला, पदर कमरेला बांधला आणि फरशीवर हात टेकले. पोरांनी जो गलका केला! आजूबाजूच्या वर्गांतली पोरं दारांत येऊन उभी राहिली. मोरी बाई दोन्ही हात तोंडावर धरून उभ्या. आणि माझ्या डाव्या बाजूला कोणीतरी खाली बसलं. बघते तर हेडमास्तर. डोक्यावरचा टॉवेल घट्ट बांधत होते. म्हातारा गालात हसत होता.

हारुकानं हात खाली केला आणि आम्ही सुटलो. सानू, हारुका, आणखी सहा-सात पोरं, मी आणि हेडमास्तर. ढुंगण वर, डोकं खाली, हात फडक्यावर, पाय धपाधपा. आयुष्यभर शेणानं घरं सारवली, गिरणीतलं पीठ पुसलं, पण पुसताना पळायचंही असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अर्ध्या वाटेत मला हसू फुटलं. हसताना दम लागतो, दम लागला की हात घसरतो. तरी थांबले नाही. सानू पहिली आली. मी हेडमास्तरांच्या आधी पोहोचले. शार्दूल जिन्यातून बघत होता. तो आजही म्हणतो की हेडमास्तरांनी शेवटी मुद्दाम पाय आखडता घेतला. त्याला काय कळतंय.

तेवढ्यात दार उघडून नीलिमा आत आली. कंपनीच्या कपड्यांत, डोक्यावरची टोपी तशीच, पळून लाल झालेली. शाळेनं तिला जवळच्याच कंपनीत फोन केला होता की आजीबाई व्हरांड्यात फार ओरडतायत. ती माझी भांडणं मिटवायच्या तयारीनं आली, तर मी फरशीवर पाय पसरून बसलेली, शेजारी हेडमास्तर घाम पुसतायत, आणि साठ-सत्तर पोरं नाचतायत.

"आत्याबाई," ती म्हणाली, "काय झालं?"

"दुसरी आले," मी म्हटलं. सगळी पोरं मोजली तर चौथी, पण तिला कुठं माहीत होतं.

हेडमास्तरांनी आम्हाला त्यांच्या खोलीत नेलं. हिरवा चहा आला. दूध नाही, साखर नाही, पाहुण्याला असा चहा आमच्याकडं वैरीसुद्धा देत नाही. मी प्यायले. मोरी बाई दाराशी उभ्या होत्या. हेडमास्तर नीलिमाशी बोलले, सावकाश, मधून मधून माझ्याकडं बघत.

"ते रागावलेले नाहीत," नीलिमा म्हणाली. "पण त्यांना समजून घ्यायचंय. पालक नवे असले की बऱ्याच जणांना हे आवडत नाही. पण तुमच्याइतका राग त्यांनी आजवर बघितला नाही. का आला, विचारतात."

"सांग त्यांना, आमच्याकडं पोरांना असल्या कामाला लावत नाहीत."

नीलिमा सांगायला लागली. दोन शब्द झाले असतील.

"थांब," मी म्हटलं. "ते खोटं आहे. नको सांगू."

ती थांबली.

"सांग, मी शाळेत होते. माझ्या माहेरी. देवळाच्या सभामंडपात शाळा भरायची. माझी आई गुरुजींच्या घरी भांडी घासायची, म्हणून शाळा झाडायचं काम माझं. शाळा भरायच्या आधी झाडायचं, मग पाणी भरायचं, मग सारवायचं. बाकीच्या मुली शनिवारी सारवायच्या, मी रोज. हात धुऊन येईतो तास संपलेला असायचा. पाढे मी बाहेरून ऐकून पाठ केले, शेणात हात घालून."

नीलिमा सांगत होती. आधी भराभर, मग हळू.

"तिसरीत होते. एक दिवस म्हटलं, गुरुजी, आज मला तासाला बसायचंय. ते म्हणाले, तू बसलीस तर सारवणार कोण?"

नीलिमानं हातातला कप खाली ठेवला.

"सांग की."

"सांगते." ती खाली बघत होती. तिनं सांगितलं. मग माझ्याकडं वळली. "तुम्ही तर म्हणायचा, वडिलांनी शाळा सोडवली."

"वडील बिचारे रडले. शाळा मी सोडली. शेणाची पाटी गुरुजींच्या टेबलावर ठेवली आणि घरी आले."

"चंदूला माहीत आहे?"

"कुणालाच माहीत नाही. आता तुला आणि ह्या जपानी माणसाला."

 हेडमास्तरांनी कपाकडं बघितलं, कप सरळ केला. बाहेर घंटा झाली, पोरांचे पाय वर्गांकडं धावले. मग त्यांनी नीलिमाला एक प्रश्न विचारला.

"तिसरीच ना, असं विचारतात."

"हो. तिसरी."

ते मोरी बाईंशी बोलले. मोरी बाई एकदम ताठ उभ्या राहिल्या आणि हसल्या. नीलिमानं ओठ दाबून धरले होते. मग तिनं सांगितलं.

"ते म्हणतात, ह्या शाळेत एक नियम आहे. ज्यानं फरशी पुसली, त्यानं पुढच्या तासाला बसायलाच पाहिजे. त्यातून कुणाची सुटका नाही. तुम्ही फरशी पुसलीय. पाचवा तास आता सुरू झाला. सानूचा वर्ग तिसरीचाच आहे."

"माझं वय सांग त्यांना."

"त्यांना दिसतंय, आत्याबाई."

मी उठले. कनवटीला ओव्याची पुडी होती, ती नीलिमाच्या हातात दिली. पदर नीट केला. हात धुतले, जरी हात स्वच्छच होते. मग मोरी बाईंच्या मागोमाग वर्गात गेले.

पोरांनी सानूच्या शेजारी बाक सरकवून ठेवलं होतं. इवलीशी खुर्ची. मी बसले तर गुडघे बाकाला लागायला लागले. माझ्यापुढं कोणीतरी पेन्सिल ठेवली, कोणीतरी कागद. बाहेर कुणी झाडत नव्हतं, कुणी पाणी भरत नव्हतं. सगळी आत होती. मी आत होते.

गणिताचा तास होता. मोरी बाईंनी फळ्यावर आकडे लिहिले. ते आकडे मला गिरणीच्या काट्यामुळं येत होते. सात, मग फुलीसारखं चिन्ह, मग आठ. बाई वळल्या आणि वर्गाला काही विचारू लागल्या.

"छप्पन्न!" मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

तीस डोकी वळली. कुणालाच कळलं नाही मी काय बोलले. बाई माझ्याकडं बघत उभ्या.  दीड महिना माझी नात रोज इथं कशी बसत होती, ते मला तेवढ्या एका श्वासात कळलं.

मग शेजारची खुर्ची मागं सरकली. सानूनं हात वर केला, सरळ, कोपर न वाकवता, आणि उभी राहिली. छप्पन्नला ते जे म्हणतात ते तिनं खणखणीत आवाजात म्हटलं. वर मला बोट दाखवून आणखी काहीतरी जोडलं. वर्ग हसला. ह्या खेपेला सानूला माहीत होतं कशाला हसला, कारण हसवलं तिनंच होतं.

मोरी बाईंनी फळ्यावर छप्पन्न लिहून त्याभोवती पाकळ्या-पाकळ्यांचं, शाबासकीचं एक मोठं लाल फूल काढलं. फूल मला होतं की तिला, हे कळलं नाही. दोघींनी घेतलं.

शाळा सुटल्यावर घरी निघालो. नीलिमानं कंपनीतून सुट्टी घेतली होती. पुढं शार्दूल त्याच्या टोळक्यात, त्याच्यामागं सानू आणि हारुका. सानू तिला पाढा शिकवत होती. ती जपानी पोर दर दहा पावलांवर थांबून आकाशाकडं बघून छप्पन्नच्या जागी "चापान!" असं ओरडायची आणि दोघी पोट धरून हसायच्या. मागं वळून माझ्याकडं बघायलाही माझ्या नातीला सवड नव्हती.

आम्ही दोघी मागून चाललो होतो.

"आत्याबाई," थोड्या वेळानं नीलिमा म्हणाली, "पोरांना समोर बसवून विचारायचं ठरलंय आपलं. अजून तीन आठवडे आहेत. पण तुमची इच्छा असली तर आजच विचारू."

तिचा आवाज मऊच होता. पण तिनं बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली मी बघितली. सानू आज काय सांगेल ते तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. तरी ती भीत होती, कारण मी भागीरथी होते आणि मी कधी हरले नव्हते.

"काय विचारायचं?" मी म्हटलं. "शाळेत बसलेल्या पोराला मधूनच उठवतं का कोणी? शिकलेली आहेस ना गं तू?"